‘पॉझिटिव्ह’च्या पुढचा आकडा

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एकेचाळीस वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. पतसंस्थेत नोकरी, तेरा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा. बचत गटाच्या बायकांसाठी भरलेल्या शिबिरात त्यांनी एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे असणाऱ्या विषाणूची, तपासणी करून घेतली. दहा दिवसांनी फोन आला, ‘पॉझिटिव्ह आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा.’ सोबत केलेली पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, मात्र नॉर्मल होती. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना तीन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला होता. शेक (रेडिएशन) आणि केमो घेऊन त्या आता सावरल्या आहेत. ताईंच्या यजमानांना लग्नाआधी जांघेत चामखिळी झाल्या होत्या. त्या जाळून काढल्याचं त्यांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. ताई लिहितात, ‘आता मला सगळा हिशेब लागला. ह्यांनीच मला हे दिलं, आणि जाऊबाईंचं झालं तेच माझं होणार. ह्यांना अजून काही बोलले नाही. तीन आठवडे मुलीच्या खोलीत झोपते. तिचा साबण-टॉवेल माझ्यापासून वेगळा केलाय. सासूबाईंना एवढंच सांगितलं की पिशवीत दोष निघालाय. त्या म्हणतात, मुलं झाली आहेत, काढून टाक, कटकट मिटेल. मी काय करू?’ पत्रासोबत रिपोर्टचा फोटो आहे. ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत.

ताई,

रिपोर्टचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो मोठा करून दोनदा वाचला. फोनवर तुम्हाला एकच शब्द ऐकवला गेला आणि पत्रातही तुम्ही तोच लिहिलात. पण कागदावर तीन ओळी आहेत. एचपीव्ही १६: आढळला नाही. एचपीव्ही १८: आढळला नाही. इतर १२ अतिजोखमीचे प्रकार: आढळले. तुमची झोप उडवली ती तिसऱ्या ओळीनं. वरच्या दोन ओळी तुम्हाला कुणी वाचून दाखवल्याच नाहीत, आणि माझ्या मते या कागदावरची सगळ्यात मोठी बातमी त्या दोन ओळींतच आहे.

एचपीव्ही हे आडनाव समजा. या आडनावाचे दोनशेहून अधिक विषाणू आहेत, आणि ज्या क्रमानं ते सापडत गेले त्या क्रमानं त्यांना नंबर मिळाले. नंबर मोठा म्हणून धोका मोठा, असं काही नाही. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली आणि करणीही वेगळी. पायाच्या तळव्याला चामखीळ होते, चालताना खडा टोचल्यासारखं दुखतं, तिथे बहुतेक वेळा प्रकार १ असतो. शाळकरी पोरांच्या बोटांवर खरखरीत चामखिळी येतात, त्यांत २ नंबरचा वाटा मोठा. जननेंद्रियांवर आणि जांघेत येणाऱ्या चामखिळींपैकी ९० टक्क्यांच्या आसपास ६ आणि ११ या दोघांमुळे होतात. हेच दोघे क्वचित एखाद्या लहान मुलाच्या स्वरयंत्रात जाऊन बसतात. मुलाचा आवाज घोगरा होतो, श्वास अडायला लागतो आणि गाठी पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. त्रास भरपूर देतात, पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्यांत या दोघांची गणना होत नाही. ती यादी वेगळी आहे. १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९ असे बारा प्रकार तिच्यात पक्के आहेत, आणि तपासणीत खबरदारी म्हणून ६६ आणि ६८ हेही धरतात. तुमच्या रिपोर्टमधले ‘इतर १२’ म्हणजे या चौदांतून १६ आणि १८ वगळल्यावर उरलेले.

आता तुमचा हिशेब तपासू. यजमानांना चामखिळी झाल्या, म्हणून तुमचा रिपोर्ट असा आला, म्हणून तुम्हाला जाऊबाईंसारखा कॅन्सर होणार. तीन माणसांच्या तीन गोष्टी तुम्ही एका दोरीत ओवल्या आहेत. असं वाटणं साहजिक आहे, आणि असं वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउजेन या शास्त्रज्ञानंही सत्तरच्या दशकात जवळपास हाच धागा पकडला होता. गर्भाशयमुखाचा कॅन्सर नागिणीच्या जातकुळीतल्या एका विषाणूमुळे होतो असं तेव्हा पुष्कळजण मानत. हा माणूस म्हणाला, नाही, चामखिळीचा विषाणू शोधा. त्याच्या प्रयोगशाळेनं जननेंद्रियांवरच्या चामखिळीतून प्रकार ६ वेगळा काढला, स्वरयंत्रातल्या गाठीतून ११ काढला, आणि मग कॅन्सरच्या तुकड्यांत त्यांना शोधायला सुरुवात केली. तिथे ते सापडेनात. घराणं बरोबर होतं, नंबर चुकीचा होता. शोध चालू ठेवल्यावर १९८३ साली कॅन्सरच्या तुकड्यातून १६ हाती लागला आणि पुढच्या वर्षी १८. या कामासाठी त्याला २००८ साली नोबेल मिळालं. तुम्ही दोरीची जी पहिली गाठ मारली आहे, चामखिळीपासून कॅन्सरपर्यंतची, ती त्या प्रयोगशाळेतच सुटली.

म्हणजे यजमानांच्या त्या जुन्या चामखिळी बहुतेक ६ किंवा ११ च्या. तुमच्या रिपोर्टमधले प्रकार दुसरेच. कॅन्सरसाठीच्या या तपासणीत ६ आणि ११ शोधतही नाहीत. तेव्हा त्या चामखिळींना या कागदावर साक्षीला बोलावता येत नाही.

आता जाऊबाई. त्यांच्या तुकड्यातला प्रकार बहुधा कुणी तपासला नसेल. कॅन्सर ठरल्यावर उपचार प्रकार पाहून बदलत नाहीत, म्हणून तशी गरज पडत नाही. पण अंदाज बांधता येतो. जगभरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांमागे १६ आणि १८ हे दोघेच असतात. आपल्या देशातल्या रुग्णांत हा वाटा आणखी जास्त, ८० टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातही १६ चा वाटा सगळ्यात मोठा. उरलेल्यांत ३१, ३३, ४५, ५२, ५८ हे पुढे असतात.

इथे एक गोष्ट सावकाश वाचा, कारण सगळं मर्म तिथे आहे. कुठला प्रकार किती आढळतो हे तुम्ही कुणाला तपासता त्यावर ठरतं. निरोगी, पॅप नॉर्मल असलेल्या बायकांत ज्यांना एचपीव्ही सापडतो त्यांच्यात नाना नंबर दिसतात, आणि १६ असतो साधारण पाचजणींपैकी एकीला. पेशींत थोडेफार बदल झालेल्यांकडे गेलात की १६ चा वाटा वाढतो. बदल जास्त, तसा तो आणखी वाढतो. आणि प्रत्यक्ष कॅन्सर झालेल्यांत तो निम्म्याहून अधिक होतो. बाकीचे नंबर वाटेत गळत जातात. शरीर त्यांना आवरतं, किंवा ते वर्षानुवर्षं नुसते बसून राहतात. १६ ला मात्र शरीराची नजर चुकवून टिकून राहणं जमतं, आणि पेशीची वाढ थांबवणारे दोन ब्रेक त्याची प्रथिनं निकामी करतात. तुमचा गट आणि जाऊबाईंचा गट म्हणजे या वाटेची दोन टोकं आहेत. कॅन्सरच्या वॉर्डात जे नंबर दिसतात ते पाहून शिबिरातल्या बाईचं भविष्य सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये वीस हजारांहून जास्त बायकांवर दहा वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. सुरुवातीला ज्यांच्यात १६ होता त्यांच्यापैकी १७ टक्क्यांत पुढच्या दहा वर्षांत कॅन्सरच्या अलीकडची शेवटची पायरी किंवा त्यापुढचं काही दिसलं. १८ असलेल्यांत हा आकडा १४ टक्क्यांच्या जवळ होता. इतर अतिजोखमीच्या प्रकारांत तो ३ टक्के निघाला, आणि ज्यांच्यात काहीच नव्हतं त्यांच्यात एक टक्क्याहूनही कमी. ताई, तुम्ही त्या तीन टक्क्यांच्या गटात बसता. शंभरजणींत तिघी, तेही दहा वर्षांत. आणि ती पायरी वेळेत सापडली तर दवाखान्यात अर्ध्या-पाऊण तासात होणाऱ्या उपचारानं बरी होते.

तीन टक्के म्हणजे शून्य नव्हे. म्हणून आता काय करायचं ते सांगते.

१६ आणि १८ नाहीत, पॅप नॉर्मल आहे, अंगावरून रक्त जात नाही, मग प्रघात असा की वर्षानं हीच तपासणी पुन्हा करायची. या वयात सापडलेला विषाणू नुकता आलेला आहे की जुना टिकून राहिलेला, हे एका नमुन्यावरून कळत नाही. दुसऱ्या नमुन्यावरून कळतं. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, ना ताप येतो, ना दुखतं. वर्षभरानंही तो तिथेच असेल तर कॉल्पोस्कोपी करायची. नाव मोठं आहे, पण असतं ते भिंगातून बघणं. पाळीच्या तपासणीसाठी झोपवतात तसंच टेबलावर झोपायचं. पिशवीच्या तोंडाला ५ टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड बोळ्यानं लावतात. स्वयंपाकाच्या व्हिनेगरसारखा वास येतो, किंचित चुरचुरतं. मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तिथे गुलाबी पृष्ठभागावर पांढरा चट्टा उमटतो. तसा दिसला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात. मी ही तपासणी करताना पडदा बाईकडे वळवून ठेवायची. स्वतःचं गर्भाशयमुख पहिल्यांदा बघून कितीतरीजणी म्हणायच्या, ‘एवढंच असतं होय?’ भीती निम्मी तिथेच उतरायची.

वर्षानं परत जाणं जमेल याची खात्री नसेल, किंवा वर्षभर जिवाला घोर लागून राहणार असेल, तर आत्ताच एकदा कॉल्पोस्कोपी करून घ्यायलाही माझी हरकत नाही. तुमच्या बाबतीत मी कदाचित तेच सुचवीन. वैद्यकीय गरज म्हणून नव्हे. तीन आठवडे तुम्ही झोपलेल्या नाहीत म्हणून. फक्त आत्ता काही दिसलं नाही तरी वर्षानंतरची तपासणी चुकवायची नाही.

या विषाणूवर खायचं औषध नाही. त्याला मारणारी गोळी, धुऊन काढणारं जेल, ‘प्रतिकारशक्तीचा कोर्स’ असं काही कुणी विकत असेल तर पैसे द्यायचे नाहीत. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. धूम्रपानानं विषाणू टिकून राहायला मदत होते हे मात्र ठाऊक आहे. तुम्ही करत नसाल, पण पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते.

सासूबाईंच्या सल्ल्याबद्दल. त्या तुमच्या काळजीनं बोलल्या हे मी जाणते. त्यांच्या पिढीत पिशवीचं काहीही निघालं की ती काढून टाकणं हाच एक उपाय ठाऊक होता. आपल्याकडे या समजुतीची फार मोठी किंमत बायकांनी मोजली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याची प्रकरणं उघडकीला आली, चौकशी समिती नेमावी लागली. त्यांतल्या कितीतरीजणी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या होत्या, आणि अनेकींना ‘कॅन्सर होईल’ एवढंच सांगितलेलं होतं. तुमच्या रिपोर्टवर पिशवी काढायचं कुठलंही कारण नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणून पिशवी काढत नाहीत. शिवाय काढली तरी विषाणू योनीमार्गाच्या त्वचेत राहू शकतो, म्हणजे कटकट मिटतच नाही. सोबत अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती एकदम येते, हाडं ठिसूळ होतात. पिशवी काढू असं कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलं तर शांतपणे विचारा, ‘तुकडा तपासलात का? त्यात काय निघालं?’ उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नका.

आता यजमान. पत्रातली जी ओळ मला सगळ्यात जड वाटली ती हीच, की तीन आठवडे तुम्ही मुलीच्या खोलीत झोपता आणि घरात कुणालाच कारण ठाऊक नाही.

एचपीव्ही त्वचेला त्वचा लागून पसरतो. लैंगिक संबंध आलेल्या बहुसंख्य बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, आणि त्यांना पत्ताही लागत नाही. तो वर्षानुवर्षं सुप्त राहतो आणि कधीतरी तपासणीत दिसतो. आज सापडलेला विषाणू गेल्या महिन्यात आला की वीस वर्षांपूर्वी, हे सांगणारी तपासणी जगात नाही. कुणाकडून आला हे सांगणारीही नाही. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली मान्य तपासणीच नाही, त्यामुळे ‘ह्यांनाही तपासा’ असं म्हणूनही काही हाती लागत नाही. हा कागद तुमच्या नवऱ्याच्या विरोधात पुरावा नाही, तसा तो त्यांच्या बाजूनंही नाही. त्याला त्या विषयातलं काहीच कळत नाही.

एक विचारू का? चामखिळींची गोष्ट त्यांनी तुम्हाला स्वतःहून सांगितली होती. लपवता आली असती. ती आज तुम्ही त्यांच्यावर आरोप म्हणून ठेवली आहे. त्यांच्याबद्दल तुम्हाला आधीपासूनच काही शंका असेल, वागण्यातून, फोनमधून, उशिरा येण्यातून, तर तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मोकळेपणानं बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तो विषय या रिपोर्टच्या आधारावर काढू नका. आणि शंका नसेल, फक्त रिपोर्टनं ती निर्माण केली असेल, तर ती रिपोर्टसोबतच खाली ठेवा.

सांगायचं कसं, तर मुलं झोपल्यावर, कागद पुढ्यात ठेवून. ‘शिबिरात तपासणी केली होती. एक विषाणू सापडलाय. खूपजणींना असतो, बहुतेकींचा आपोआप जातो. सगळ्यात धोकादायक दोन नंबर नाहीत. वर्षानं परत तपासायचं आहे, तुम्ही सोबत याल का?’ एवढं पुरे. त्यांनी उलट तुमच्यावर संशय घेतला तर ‘एचपीव्ही त्वचेला त्वचा लागून पसरतो’ इथून सुरू होणारा वरचा परिच्छेद त्यांनाही वाचायला द्या. तो दोघांनाही तेवढाच लागू आहे. शरीरसंबंध थांबवायचं कारण नाही. निरोधानं थोडं संरक्षण मिळतं, पूर्ण नाही, कारण तो झाकत नाही त्या त्वचेवरही विषाणू असतो.

मुलीबद्दल मात्र मी आग्रहानं लिहिणार आहे. तिच्यासाठी तुम्ही टॉवेल वेगळा केलात, पण तिला खरंच वाचवेल ती गोष्ट लस आहे. तेरा वर्षं हे तिचं अगदी योग्य वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२२ मध्ये मंजूर झाली आणि पुढच्या वर्षी बाजारात आली. ती चार प्रकारांवर आहे: ६, ११, १६ आणि १८. सुरुवातीला खासगी दवाखान्यांत एका डोसची किंमत २,००० रुपये होती. नऊ प्रकारांवरची गार्डासिल ९ ही मिळते, ती बरीच महाग. तिच्यात वरच्या चारांशिवाय ३१, ३३, ४५, ५२, ५८ हे प्रकार येतात. परवडत असेल तर नऊची घ्या. नसेल तर चारची घ्यायला क्षणभरही कचरू नका, कारण आपल्याकडच्या कॅन्सरपैकी सर्वांत मोठा वाटा त्या चारांतल्या दोघांचाच आहे. नऊ ते चौदा वर्षांत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये या वयासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, आणि त्यामागे भारतातल्या मुलींवर झालेला अभ्यासही आहे. लशीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या कवचाची प्रतिकृती असते. तिच्यानं विषाणू ‘लागत’ नाही. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं. तुमच्या दहा वर्षांच्या मुलालाही ही लस चालते. चामखिळी आणि घशाचे, गुदद्वाराचे काही कॅन्सर पुरुषांनाही होतात आणि घशाच्या एचपीव्हीमुळे होणाऱ्या कॅन्सरमागे पुन्हा बहुतेक तोच १६ असतो.

मुलीला लस दिली तरी तिशीनंतर तिनं तपासणी करायचीच आहे, लशीबाहेरचे नंबर शिल्लक राहतात म्हणून. तुम्ही स्वतः आता लस घेतली तर अंगात असलेला विषाणू जाणार नाही. ते पैसे मुलांच्या लशीला लावा.

जाऊबाईंबद्दल थोडं आणखी. तुम्ही लिहिलंत की पाळी गेल्यावर वर्षभरानं त्यांच्या अंगावरून रक्त जायला लागलं आणि ‘उष्णता असेल’ म्हणून त्या सात महिने गप्प राहिल्या. त्याआधी एकदाही तपासणी झालेली नव्हती. तुमच्यात आणि त्यांच्यात खरा फरक तो आहे. या कॅन्सरला पिकायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात एक तपासणीही पुष्कळ काही वाचवते. हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलनं तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. खेड्यांचे ५२ गट पाडले. काहींत एचपीव्हीची एकच तपासणी दिली, काहींत नेहमीचीच वैद्यकीय सोय ठेवली. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले होते आणि तपासणी न दिलेल्या गटात ६४, दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे असताना. २००९ साली हे जगापुढे आलं आणि अनेक देशांनी आपलं धोरण त्या आधारानं बदललं. शेतावर निघालेल्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका थांबल्या, त्यांनी नमुना दिला, म्हणून हे कळलं. आज जे शिबिर तुमच्या गावात भरलं त्याच्या मुळाशी त्या बायका आहेत. आणि देशात अजूनही दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, त्यांच्यातल्या बहुतेकींची आधी एकदाही तपासणी झालेली नसते. म्हणून तुमच्या बचत गटातल्या ज्या बायका शिबिराच्या दिवशी ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणून घरी राहिल्या, त्यांना तुमचा रिपोर्ट दाखवू नका वाटलं तर, पण शिबिराची पुढची तारीख जरूर सांगा. टेबलावर झोपायची लाज वाटते म्हणणाऱ्यांना हेही सांगा की एचपीव्हीचा नमुना स्वतःच्या हातानं आडोशाला घेता येतो. मऊ ब्रश असतो, नर्सताई कसा फिरवायचा ते दाखवतात.

पत्र वाचणाऱ्या इतर ताईंसाठी, ज्यांच्या हातात असाच कागद आहे. रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ असेल तर लॅबला विचारा की १६ आणि १८ वेगळे पाहिलेत का. त्यांतला एकही असेल तर पॅप नॉर्मल आली तरी वर्षभर थांबू नका, सरळ कॉल्पोस्कोपी करून घ्या. एचआयव्ही असलेल्या बायकांनी पंचविशीपासूनच तपासायला लागावं आणि ते दर तीन वर्षांनी करावं, कारण त्यांच्यात हा रोग पाच-दहा वर्षांतही पुढे जाऊ शकतो. निगेटिव्ह आलेल्यांना पाच वर्षं निर्धास्त राहता येतं. आणि संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जात राहणं, यातलं काहीही असेल तर रिपोर्ट कसाही असो, त्याच आठवड्यात दाखवा. उष्णता म्हणून सब्जा पीत बसू नका.

ताई, साबण आणि टॉवेल. हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, लहान अक्षरांत लिहिलंय. तुम्हाला जो प्रकार आहे तो टॉवेलमधून, कपड्यांतून, एका ताटात जेवून लागत नाही. मुलीला जवळ घेऊन, तिची वेणी घालून लागत नाही. जाऊबाईंच्या सेवेत तुम्ही सहा महिने होतात, त्यातूनही तुम्हाला हे लागलेलं नाही. त्यांना हे कळवा, त्या मनात कुढत असतील. मुलीचा टॉवेल पुन्हा सगळ्यांच्या दांडीवर वाळत घाला, आणि आज रात्री आपल्या खोलीत झोपायला जा.